मासा आखूड होत नाही

पिंपळापुरे सरांच्या खांद्यावर कायम एक टॉवेल असायचा आणि तो त्यांच्यासाठी नव्हता. तो माशांसाठी होता. स्वतःचा घाम ते बाहीनं पुसत. कॉलेजात नवीन आलेला माणूस एकदा तरी त्यांना तो टॉवेल मागायचा, हात पुसायला. दुसऱ्यांदा कोणी मागितल्याचं मला आठवत नाही.

ओला मासा तोलायचा नाही, हा सरांचा पहिला नियम होता. "पाण्याचं वजन माशाच्या नावावर चढवाल तर पाप लागन," असं ते प्रत्येक नव्या वर्गाला बजावत. मासा पुसायचा, मग फळीवर आडवा करायचा, तोंड फळीच्या ठोकळ्याला टेकवायचं, शेपटी सरळ करायची, लांबी वाचायची, आणि लगेच तोलायचा. त्यात हयगय झाली की सर ओरडत नसत. ते मासा परत बादलीत टाकत आणि म्हणत, "आता पुन्हा पुस."

एकदा एक पोट्टी तोंडी परीक्षेत नापास झाली आणि त्यांच्या टेबलापाशी उभी राहून रडायला लागली. सरांनी तिच्याकडे एकदा बघितलं. मग खांद्यावरचा टॉवेल काढून तिला दिला. तिनं तो तोंडाला लावला आणि तिचं रडणं जागच्या जागी थांबलं.

"असर होते," सर मला म्हणाले.

मी आधी त्यांची विद्यार्थिनी, मग त्याच प्राणिशास्त्र विभागात त्यांच्या हाताखाली शिकवायला लागले. त्यांचं घर ब्राह्मणपाऱ्यात, माझं तात्यापाऱ्यात. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरात, आणि ते हे असं सांगत जणू काल सामान उतरवलं. माझे वडील रेल्वेत, वर्ध्याकडून बदलून आलेले. म्हणजे सरांच्या हिशेबानं मी अजून पाहुणीच.

सरांनी आयुष्यभर एकच प्रश्न विचारला. एवढ्या लांबीच्या माशाचं वजन किती असायला पाहिजे, आणि याचं तेवढं काहून नाही? बस. लोक मंगळावर जाऊन राहिले होते, आमचे सर खारून नदीतला रोहू पुसून राहिले होते. त्यामागचं गणित अवघड नाही. माशाची लांबी दुप्पट झाली तर वजन दुप्पट होत नाही, आठपटीच्या आसपास जातं, कारण मासा लांबीला वाढतो तसाच रुंदीला आणि जाडीलाही वाढतो. म्हणून लांबीचा घन काढायचा आणि वजनाला त्यानं भागायचं. जो आकडा येतो त्यावरून कळतं की मासा खाऊनपिऊन सुखी आहे की कुठं अडला आहे. शास्त्रात त्याला कंडिशन फॅक्टर म्हणतात. सर त्याला तब्येत म्हणत.

आणि या माणसानं जन्मात मासा खाल्ला नव्हता. अंडंसुद्धा नाही. चातुर्मासात कांदाही बंद.

रविवारी सकाळी ते महादेव घाटाकडे जात, तिथं मासे विकणाऱ्या केंवटिणी टोपल्या घेऊन बसलेल्या असत. त्यांतली एक बाई टोपलीवर पाणी मारायची, मासा ताजा दिसावा म्हणून, आणि सर खाली बसून एकेक मासा उचलून पुसायचे. ती पाणी मारायची, हे पुसायचे. एकदा मीही सोबत होते. ती वैतागून म्हणाली, "लेबे त ले गुरुजी, मोर मछरी ल पोंछत काबर हस? बिहाव करबे का?"

घ्यायचा तर घे, पुसतोस कशाला, लग्न लावतोस का त्याचं, असं ती म्हणत होती. सरांनी विचार केला आणि शांतपणे उत्तर दिलं, "ये मादा है. अंडे भरे हैं. अभी इसका वजन पकडना ठीक नहीं." ती बाई कपाळाला हात लावून माझ्याकडे बघायला लागली. मी दुसरीकडे बघितलं.

माणसांनाही ते याच नजरेनं बघत. माझ्या मुलीच्या बारशाला आले, पाळण्यातून पोरीला उचललं, एका हातानं तोललं, डोक्यापासून टाचेपर्यंत एकदा नजर फिरवली आणि माझ्या सासूबाईंना म्हणाले, "लांबीच्या मानानं उत्तम आहे. पाण्यात खाणं भरपूर दिसते." सासूबाईंना वाटलं काही मंत्र असेल. त्यांनी वाकून नमस्कार केला.

लग्नात ते नवरदेवाच्या वरातीकडे बघून माझ्या कानाशी पुटपुटत, "हा वरचा भाऊ नदीतला, लहाना तलावातला." म्हणजे काय ते मला कळायचं. थोरला काटकुळा, धाकटा थलथलीत. डॉक्टर लोक माणसाचं वजन उंचीच्या वर्गानं भागतात, यावर तर त्यांचा फार राग. "वर्ग काहून? माणूस काय पापड आहे? घन काढा ना, घन!" हे त्यांनी एका हृदयरोगतज्ज्ञाला, स्वतःची छाती तपासून घेत असताना सुनावलं होतं. तो म्हणाला, श्वास रोखा. ते म्हणाले, रोखतो, पण घन काढा.

त्यांचा दुसरा नियम पहिल्याहून कडक होता. लांबी आणि वजन एकाच वेळी घ्यायचं. कालची लांबी आणि आजचं वजन जोडायचं नाही. "जुन्या लांबीवर नवं वजन बसवणं म्हणजे एकाची कुंडली दुसऱ्याच्या लग्नाला," असं म्हणत. आमच्यात कोणी आळस करून जुना आकडा लावला की त्यांना तो वासानं कळायचा. खरंच सांगते, कळायचा.

निवृत्तीच्या अगदी तोंडावर नव्या रायपुरात एक चर्चासत्र होतं. तिथले ते रुंद रस्ते आणि त्यांवर एकटीच चाललेली आमची गाडी. सर खिडकीतून बघत म्हणाले, "एवढ्या लांबीच्या शहराचं वजन फार कमी आहे." तिथं एका तरुण पोरानं शोधनिबंध वाचला. त्यानं टाकीत मासे ठेवले होते, प्रत्येकाला खूण केली होती, सुरुवातीला मोजले होते आणि शेवटी मोजले होते. आणि काही मासे चक्क आखूड झाले होते. पोरानं त्याला हवामानबदलाचं कारण दिलं. लोकांनी माना डोलावल्या.

सर उठले. "पहिल्यांदा जिवंत मोजले?"

"हो सर."

"आणि शेवटी?"

"फॉर्मॅलिनच्या बरणीतून काढून, सर. वेळ नव्हता."

"मग बेटा, मासा नाही आकसला, मढं आकसलं." सभागृहात कोणीतरी हसलं. सर हसले नाहीत. "लिहून घे. मासा बारीक होतो, आजारी पडतो, मरतो. मासा आखूड होत नाही. आतमधे हाड आहे, स्वेटर नाही. लांबी कमी आली तर मोजणाऱ्याची चूक शोधायची."

जेवणाच्या वेळी त्यांनी त्याच पोराला शेजारी बसवलं, त्याच्या ताटाकडे बघितलं आणि स्वतःच्या हातानं त्याला जिलबी वाढली. "खा," म्हणाले. "तुझी तब्येत कमी आहे."

आता काकूंबद्दल सांगायला पाहिजे, कारण त्यांच्याशिवाय सर पुरे होत नाहीत. नलिनीकाकू गोंदियाच्या. तलावांचा मुलूख, माहेरी पंक्तीला मासा. सरांशी लग्न झालं ते दोघांच्या पसंतीनं, आणि सरांच्या आईनं एकच अट घातली की या घराचा उंबरा मासा ओलांडणार नाही. काकूंनी हो म्हटलं. प्राणिशास्त्राचा प्राध्यापक नवरा केला आणि मासा सुटला, हे काकू स्वतःच हसत सांगायच्या. हसायच्या खऱ्या. मीही हसायचे.

काकूंच्या सासूबाई जाऊन खूप काळ लोटला, पण अट काही कोणी मागे घेतली नाही. त्यात निवृत्तीनंतर सरांचं मोजमाप कॉलेजातून घरी आलं. म्हणजे घराच्या मागच्या पडवीत. तिथं टेबल, फळी, तराजू, बादली आणि तो टॉवेल. रविवारी घाटावरून मासे यायचे, मागच्या दारानं पडवीत शिरायचे, पुसले जायचे, मोजले जायचे, आणि मग मी स्टीलचा डबा घेऊन जायचे. मोजलेले मासे माझ्या घरी. माझ्या नवऱ्यानं असा एकही रोहू खाल्ला नाही ज्याची लांबी मला ठाऊक नव्हती. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघायच्या. "वंदना, मोठ्याला मोहरी लाव," मला सांगायच्या. "आणि टमाटर कमी टाक." मी डबा झाकून निघायचे.

पाडव्याला औक्षण झालं की सर काकूंना मोजत. हो, मोजत. त्यांनी माशांच्या फळीसारखीच एक मोठी उभी फळी सुताराकडून करून घेतली होती. काकू नव्या साडीत फळीला पाठ लावून उभ्या, सर वरून ठोकळा टेकवणार, लगेच वजनकाटा, लगेच तोंडी भागाकार. लांबी ताजी, वजन ताजं. मागचं काहीच जपून ठेवत नव्हते, फक्त भागाकाराचा शेवटचा आकडा डोक्यात.

"पास का नापास?" काकू विचारायच्या.

"जशीच्या तशी," सर म्हणायचे, आणि दिवसभर खूष असायचे. बायकोची तब्येत वर्षानुवर्षं ढळली नाही हा त्यांचा अभिमान होता. इतर बायका म्हातारपणी फुगतात नाही तर वाळतात, आमची नलू जशीच्या तशी. पाहुण्यांना सांगायचे.

मधल्या काळात एकदा काकूंनी मला गोल बाजारात नेलं. परकर आखूड करून घ्यायचे होते, पायात येऊन राहिले होते. आमचा नेहमीचा टेलर परकर उलटेपालटे करून म्हणाला, "आंटी, पेटीकोट तो धुलके छोटा होता है. आपका लंबा कैसे हो रहा है?" आम्ही दोघी खूप हसलो. काकू म्हणाल्या, "यांना सांगू नको हं. फळी घेऊन बसतील." परतताना आम्ही चाट खाल्ली. काकूंनी दोन घास खाऊन प्लेट माझ्याकडे सरकवली, पोट भरलं म्हणाल्या.

मग हिवाळ्यातल्या एका सकाळी काकूंनी पाण्याची बादली उचलली आणि त्यांच्या पाठीत काहीतरी कड्कन वाजलं. तशाच वाकलेल्या राहिल्या. सरांचा मला फोन आला, "नलू सरळ होऊन नाही राहिली. ये."

दवाखान्यात डॉक्टर तरुण होता. त्यानं एक्स-रे दिव्यावर लावला आणि बोटानं दाखवलं. मणके चेपून एकमेकांवर बसले होते. आजचा एक, आणि बाकीचे जुने, हळूहळू खचलेले. हाडं ठिसूळ झाली होती आणि कोणाला पत्ता नव्हता. त्यानं काकूंना उंची विचारली. काकूंनी लग्नाच्या वेळची सांगितली, बायका तीच सांगतात. नर्सनं आधार देऊन मोजली तर चांगली चार बोटं कमी.

"वजन पण खूप उतरलेलं दिसतं," डॉक्टर म्हणाला. "मणके खचले की पोटाला जागा राहत नाही, दोन घासांत भरतं. घरात कोणाच्या लक्षात आलं नाही?"

"तब्येत तीच होती," सर म्हणाले.

"म्हणजे?"

"दरवर्षी काढली मी. तीच होती."

डॉक्टरला काही कळलं नाही. मला कळलं. वजन कमी होत होतं आणि लांबीही कमी होत होती. दोन्ही ताजी घेऊन, नियमानं, घन काढून भागत गेलं तर उत्तर तेच येणार. माणूस आटत चालला होता आणि आकडा जशाच्या तसा.

सर बाकावर बसले. टॉवेल खांद्यावर होता, तो काढून त्यांनी मांडीवर घेतला, उघडला, पुन्हा घडी केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मासा आखूड होत नाही."

पलंगावरून काकूंचा आवाज आला. कुशीवर होत्या, तोंड भिंतीकडे. "मी काय मासा आहे?"

सरांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी त्यांना इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. पुसायला हात टॉवेलकडे गेला आणि मधेच थांबला. त्यांनी बाहीनं पुसलं.

घरी आणल्यावर खरी काळजी सुरू झाली. औषधं होती, कमरेला पट्टा होता, डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं होतं की बाई खातील तर उठतील, नाही खाल्लं तर पलंगालाच लागतील. अंडी, मासे, काहीही द्या, पण अंगात गेलं पाहिजे. काकू मुगाची खिचडी दोन चमचे खायच्या आणि तोंड फिरवायच्या. सरांनी दूध केलं, पनीर केलं, शिरा केला आणि तो जाळला. रोज मला फोन. "आज चार चमचे." "आज दोनच." मी कॉलेजातून निघताना जीव मुठीत धरून जायचे. काकूंना मोजायची उभी फळी त्यांनी पडवीत भिंतीकडे तोंड करून ठेवली होती.

एका दुपारी मी तिथंच होते. सर पलंगाच्या कडेला वाटी घेऊन बसले होते. "नलू, खा ना वं. काय खाशील? काय पाहिजे ते सांग. आणतो."

काकूंनी वाटी हातानं दूर सारली. मग म्हणाल्या, "मासा."

सरांच्या हातातला चमचा वाटीत वाजला. "पण तू त सोडला होता."

"मी नाही सोडला. तुमच्या आईनं सोडवला." काकूंनी डोळे मिटले. "दर रविवारी आणता. पुसता. मोजता. आणि वंदनाच्या डब्यात टाकता. एकदा तरी विचारलं, नलू, तुले पाहिजे का?"

सर उठले, वाटी खाली ठेवली आणि चप्पल घालून बाहेर गेले. मला वाटलं रागावले. पारावर जाऊन बसतील, देवळात जातील. ब्राह्मणपाऱ्यातल्या त्या घरात कोणाच्या हयातीत असं झालं नव्हतं, आणि सर आईचा शब्द मोडणारे नव्हते.

पुढच्या रविवारी मला उशीर झाला. मागच्या दारानं गेले तर पडवीतलं टेबल रिकामं. बादली कोरडी, तराजूवर कापड. मी म्हटलं, आज घाटावर गेलेच नाहीत वाटते. आणि मग वास आला. स्वयंपाकघरातून येत होता. मोहरीचा, हळदीचा, आणि माशाचा.

कढई ओट्यावर होती. ओटाभर हळद सांडली होती, मिक्सरच्या झाकणाला मोहरी लागली होती. काकू पलंगावरून सांगत गेल्या असणार आणि सर करत गेले असणार. तुकडे मात्र सुंदर कापले होते, प्रत्येक काप सरळ. कापायचा सराव होताच म्हणा.

आतल्या खोलीत काकू उशांना टेकून बसल्या होत्या. सर समोर स्टुलावर, मांडीवर ताट. चष्मा नाकाच्या टोकावर, आणि हातात डिसेक्शनचा चिमटा, कॉलेजातला, तोच. रोहूच्या मांसात ते बारीक दुहेरी काटे असतात ना, खाणाऱ्याच्या घशात जातात ते, ते सर एकेक करून उपटून ताटाच्या कडेला ठेवत होते. तोंड किंचित वाकडं होतं, शिजलेल्या माशाच्या वासानं असेल. पण हात अचूक चालत होता. काटा कुठून सुरू होतो आणि कुठं संपतो हे त्यांच्याइतकं रायपुरात कोणाला ठाऊक असणार.

काकू त्यानंतर वॉकर धरून अंगणापर्यंत यायला लागल्या, आजही येतात. सर त्याच उन्हाळ्यात गेले, झोपेत, मी मुलीच्या प्रवेशासाठी नागपूरला असताना. म्हणून त्यांचं अखेरचं दर्शन मला झालं नाही; मनात राहिले ते या रविवारचे सर.

त्या दिवशी मी दारात उभी राहिले. सवयीनं विचारलं, "सर, केवढा होता?"

"काय माहीत," सर म्हणाले. मान वर केली नाही. "नाही मोजला."

काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि मग त्यांच्याकडे बघितलं. सरांनी शेवटचा काटा उजेडाकडे धरून पाहिला, बाजूला ठेवला, आणि त्या हातानं, ज्या हातानं जन्मभर मासा पुसला, एक घास उचलला.

"आ कर," ते म्हणाले, आणि काकूंनी आ केला.